वैनींची एक ओळ

वैनी माऊसला हात लावत नसत. जामखेडच्या आमच्या स्टुडिओत त्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकमाची एक ओळ टाइप करायच्या, एंटर मारायच्या, की फोल्डरमधले लग्नाचे सगळे फोटो छोटे छोटे होऊन, खाली नंबर घेऊन, कागदावर ओळीनं उभे राहायचे. गिऱ्हाईक त्यावर खुणा करी आणि मग अल्बम होई.

नवरा गेला तेव्हा दिरानं दुकान विकायचा सल्ला दिला होता. बाईमाणसाला, त्यातून विधवेला, लग्नाच्या घरी कोण बोलावणार, असं त्याचं म्हणणं. वैनींनी तेरावं उरकताच शटर वर केलं. फोटो काढायला मी, त्यांच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला पोरगा, जाई; बाकी सगळं त्या शिकल्या.

खुणा करायला कागद नवरीच्याच हातात द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. घरातले बाप्ये पडद्यासमोर गर्दी करून निवड करू लागले की म्हणायच्या, “लगीन तिचं हाय. तिला बघू द्या.”

एका लग्नात नवरीची आई विधवा होती. लेकीनं हट्टानं पहिली हळद आईच्याच हातून लावून घेतली, तो फोटो मी काढला. दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाचे वडील दुकानात आले. त्या बाईचा हळदीचा फोटो कागदावर येताच कामा नये, पाहुण्यांत शोभत नाही, असं त्यांनी बजावलं. मोठं घर होतं, पुढची तीन लग्नं त्यांच्याकडेच होती. मी हळूच म्हणालो, एकच तर फोटो आहे, काढून टाकू.

वैनींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ओळ टाइप करून त्यांच्यादेखत एंटर मारला आणि म्हणाल्या, “फोल्डरात हाय त्यो कागदावर येनार. मी कुनालाबी वगळत न्हाई.”

संध्याकाळी नवरी आली. बराच वेळ कागद नुसता बघत बसली. मग आईच्या फोटोवर अशी दाबून खूण केली की कागद फाटला. अल्बमचं पहिलं पान तेच झालं. त्या घराचं काम पुन्हा कधी आलं नाही.

पुढं नजर मंदावली, तशा वैनी लेकीकडे नगरला गेल्या. निघताना मी विचारलं, कुणाचा फोटो वगळा म्हणत कुणी पुन्हा आलं तर काय सांगू?

“दुसऱ्या स्टुडिओचा पत्ता सांग,” म्हणाल्या, आणि एसटीत चढल्या.

मी तो पत्ता आजवर चौघांना सांगितलाय.