उखाण्याशिवाय घेतलेलं नाव

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नव्हतं. दवाखान्यात केसपेपर काढताना नर्सनं विचारलं, की त्या माझ्याकडं बोट करायच्या. मी पडले सून. सासऱ्यांचं नाव मलाही घेता येत नाही आणि इथंही मी ते लिहिणार नाही. शेवटी नर्सच वैतागून आधार कार्ड मागायची.

अशा बाईला मी आमच्या सिनेमाची नायिका केलं.

सिनेमा मोबाइलवरचा, छोटासाच. मी लग्न होऊन लोणीला आले तेव्हा जत्रेतला तमाशासुद्धा बायकांनी लांबून, चोरून बघायचा. आता कांदा काढायला गेलेल्या बायका वाफ्यातच रील काढतात आणि म्हाताऱ्या म्हणतात, "आमालाबी घ्या की गं!" ही मोकळीक मला इतकी आवडते की कधी कधी शेतात मी एकटीच हसत सुटते. बचत गटाच्या बैठकीत मी सिनेमाचं काढलं, तर पापडाचा विषय बाजूला राहिला आणि हल्लीच्या सरपंचबाईंनी ग्रामपंचायतीची किल्लीच माझ्या हातावर ठेवली.

गोष्ट आमच्याच घरातली होती. राखीव जागेवर आत्याबाई एकेकाळी सरपंच झाल्या होत्या. खुर्चीत मात्र बसायचे मामा, माझे सासरे. सहीचे कागद घरी यायचे आणि कचेरीतल्या पाहुण्यांसाठी आत्याबाई घरून चहा पाठवायच्या. माझ्या सिनेमातली सरपंच भरसभेत शिरते, नवऱ्याला नावानं हाक मारते आणि आपली खुर्ची मागते.

मामांना मी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "करा तुमचं. मी काय बगायला येनार न्हाई." नंतर जेवताना टीव्हीवरची नजर काही त्यांनी हलवली नाही. मी धास्तावले. त्यांनी एक शब्द टाकला असता तरी आत्याबाई मागं फिरल्या असत्या. आणि त्यांना तर मनापासून करायचं होतं. भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "त्या खुर्चीत यकदा बसून बगायचंय गं. माजीच व्हती म्हनं ती."

शूटिंगच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कचेरीत गटातल्या बायका सभा म्हणून सतरंजीवर बसल्या. कॅमेरा माझ्या नवऱ्याकडं. सिनेमातला नवरा झाले होते शेजारचे मेंढरंवाले भाऊ. कडक टोपी घालून ते खुर्चीत असे ऐसपैस बसले की बायका आधीच हसायला लागल्या.

आत्याबाई आत आल्या आणि खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. मी सिनेमातल्या नवऱ्याला एक कुठलंसं नाव दिलं होतं. ते काही त्यांच्या तोंडून फुटेना.

"परक्या मानसाचं नाव नवरा म्हनून कसं घिऊ? जीभच उचलत न्हाई."

"मग आपल्या मालकांचंच घ्या!" सतरंजीवरून कुणीतरी ओरडलं.

ठरलं. पुन्हा सुरुवात. आत्याबाई आत आल्या, हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला आणि त्या लाजत म्हणाल्या, "कांद्याच्या बराखीला पाचटाची सावली..."

बायका लोळायच्या बाकी राहिल्या. माझ्या नवऱ्याच्या हातातला मोबाइल हसून हसून हलत होता. मी समजावलं, चिडले, हात जोडले. दर खेपेला नवा उखाणा! त्या बाईंकडं किती उखाणे साठलेत ते मला त्या दिवशी कळलं. ऊन उतरायला लागलं. मेंढरंवाले भाऊ म्हणाले, "वैनी, उरका राव. माजी मेंढरं तिकडं कुनाच्या रानात घुसतील."

मी म्हटलं, शेवटचं एकदा करू, नाहीतर हाकेशिवायच चालवू.

आत्याबाई दारात थांबल्या. या खेपेला त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, भाऊंकडंही नाही. खुर्चीकडंच बघत राहिल्या. पदराला हात गेला नाही. आणि सासऱ्यांचं नाव, नुसतं, मोठ्यानं, साऱ्या कचेरीत घुमलं. "उठा. ही खुर्ची माजी हाय."

"ओ!"

आवाज खिडकीबाहेरून आला. सगळ्या माना तिकडं वळल्या. गजांपलीकडं मामा उभे होते. येणार नाही म्हणालेले मामा तिथं कधीपासून उभे होते, देव जाणे. हाक ऐकली आणि तोंडातून निघून गेलं असणार. तोंड लाल झालं होतं त्यांचं. मला वाटलं, आता भडकतात. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"उठलो, बाई," ते म्हणाले. "बस तू."

भाऊ ताडकन उठले. आत्याबाई गेल्या आणि बसल्या. नीट, मागं टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. माझे डोळे भरून आले आणि कट म्हणायचं राहूनच गेलं. मोबाइल चालूच होता.

खिडकीकडं बघत आत्याबाई म्हणाल्या, "सभेला च्या लागंल."

आणि मामा खरंच चहा आणायला गेले.