म्हावऱ्याविना आषाढ

दोन हजार दोनची गोष्ट. मला कोल्हापूरला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता आणि श्रावण लागायच्या सुमारास हॉस्टेलला जायचं होतं. आमचं घर आचऱ्याचं, मासेमारीचं. बाबांची होडी पावसामुळे वर काढून ठेवलेली आणि आई बाजारात सुकी मासळी विकायची. म्हणजे घरात सुके बांगडे आणि सुकट ढिगाने. खाडीत जाळं टाकलं तर ताजे शेवटे मासेही मिळत. आणि ऐन आषाढात, श्रावणाआधी सगळं गाव पोटभर म्हावरा खाऊन घेत असताना, आमच्या ताटात काय, तर बटाट्याची भाजी आणि आमटी! एखाद दिवस ठीक आहे हो. पण आठवडा उलटला तरी तेच.

"आये, कोणाचा सुतक लागला काय?" मी विचारलं.

"तोंड आवर. गप जेव."

गप जेवणाऱ्यातली मी नाही. बाबांना गाठलं. जाळं दुरुस्त करता करता मान वर न करता ते म्हणाले, "माका इचारू नको. आवशीक इचार." म्हणजे आईबरोबर त्यांनाही माहीत होतं. फक्त मलाच माहीत नव्हतं.

पण माझा खरा संशय मोठ्या भावावर. दोन वर्षांपूर्वी तोही असाच कोल्हापूरला हॉस्टेलवर गेला होता आणि दिवाळीच्या आतच परत आला. "थयले मास्तर बरे नाय," एवढंच सांगून तो बाबांबरोबर होडीवर जायला लागला. आता जो तो मला त्याच्या देखत ऐकवायचा, "तुजो भाव इलो परत, तू तरी थय रव हां!" त्याला हे झोंबत नसेल? आणि एरवी कालवणात बांगड्याचं डोकं मिळालं नाही तर ताट सरकवणारा हा माणूस आता ती पाणचट आमटी खाली मान घालून ओरपत होता! चुलीपाशी आईशी त्याची कुजबुज चालायची. मी दारात दिसले की दोघं गप्प. मग तो उगाचच लाकडं पुढे सारायचा.

मग एके दिवशी आमटीतलं खोबरंही गेलं. माणसाने मासे सोडलेले मी पाहिले आहेत, पण खोबरं? परसात माड उभे आणि आमटीला शेंगदाण्याचा कूट! तेव्हा माझी खात्रीच पटली. आई देवीला नवस बोलली असणार, मी जाऊ नये म्हणून. एक मुलगा हात हलवत परत आला, आता मुलगी पाठवून आणखी हसं नको. आणि तिला भरीस घालणारा कोण, तर माझाच भाऊ. मला इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. बारावीला मी जिवाचं रान केलं होतं, आणि माझ्याच घरातले माझ्या मुळावर उठले होते. मी दोघांशी बोलणंच टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी ट्रंक भरत होते. कपड्यांखाली मी गुपचूप सुकटीची पुडी ठेवली होती. आईने हात घालून तीच नेमकी बाहेर काढली आणि माझा भडका उडाला.

"नवस केलंस मां? मी जाव नये म्हणान? मगे सरळ सांग मां, जाव नको म्हणान!"

आईच उलट तडकली.

"नवस? खुळावलंस काय गो? तुजो भाव मास्तरांक कंटाळान नाय इलो. थयला जेवाण तेच्या घशाखाली उतराक नाय. उपाशी रवान आजारी पडलो, म्हणान इलो. तुजा तसा होवक देवचंय नाय मी! सवय काय ती हयच कर, थय रडत बसा नको."

भाऊ ट्रंकेला बांधायची दोरी घेऊन दारातच उभा होता. आईने त्याच्याकडे बोट केलं. "तेना सांगल्यान तसाच रांदलंय सगळा. खोबरा नको, कूट घाल, पाणी वाढव. सगळा तेनाच सांगल्यान."

ज्या जेवणापायी त्याचं कॉलेज सुटलं, तेच जेवण तो आषाढभर माझ्या शेजारी बसून जेवत होता, एका शब्दाने न कुरकुरता. आणि मी मेली त्याच्यावर पाळत ठेवून! मला रडूच फुटलं.

"आता रडान काय उपयोग? सर बाजूक," तो म्हणाला आणि ट्रंकेला दोरी आवळायला बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानेच ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. खाली उतरून खिडकीशी आला. मला वाटलं, आता आमटीवर काहीतरी थट्टा करणार.

"पयलो म्हयनो घराक फोन करू नको," तो म्हणाला. "आवशीचो आवाज आयकलो की थय जीव रवणा नाय. मी रोज फोनाच्या बूथार जाई होतंय."

गाडी सुटली.

पहिला महिना मी घरी फोन केला नाही. रोज रडले, आणि रोज ताट संपवून उठले.