शिमग्यानंतरचा डोंगर

पिशोरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सकाळच होती, तरी पाठीवरच्या पिशवीखाली सदरा भिजला होता. भीमराव पुढे चालत होता. बजाजनगरात आम्ही एका खोलीत राहतो, एकाच कंपनीत पॅकिंगला आहोत. सातवीत शाळा सोडून कोकणातून एवढ्या लांब आलेल्या मला त्यानेच कामाला लावलं. त्याच्या गावामागच्या डोंगरातून तीन-चार मुक्काम करत अजिंठ्याच्या बाजूला उतरायचं, असा बेत होता.

मोसम मी निवडला होता. तो म्हणत होता, दिवाळीनंतर जाऊ. पण तेव्हा गवत कमरेएवढं, आणि मला सापाची फार भीती. शिमगा झाला की रान मोकळं होतं, पाय कुठे पडतो ते दिसतं. हा आपल्या कोकणातल्या गावचा हिशेब. आपल्याकडे तेव्हाही व्हाळात (ओढ्यात) कुठेतरी कोंड (खोल डोह) भरलेली असते. इथेही असेल, असं मी धरूनच चाललो.

भीमरावच्या आईने भाकरी-ठेचा बांधून दिला. "संक्रांत गेली की डोंगर कोरडाठाक पडतो बाबा. पर आमचं कोन ऐकतंय?"

"कोकण्याला हौस हाय, आई," भीमराव म्हणाला.

पहिल्या मुक्कामाला मला झोप लागली नाही. सागाची वाळलेली पानं आपोआप पडली तरी कुणी चालत आल्यासारखी वाजत. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसं बाटल्यांत घोटभर पाणी उरलं. भीमरावला लहानपणीचा एक डोह आठवत होता, त्या भरवशावर आम्ही चढत राहिलो. डोह सापडला. तळाला चिखल तडकलेला, त्यात बिबट्याचे पंजे वाळून बसलेले.

तिथेच भीमराव खाली बसला. त्याचा घाम थांबला होता, अंग भट्टीसारखं. काहीबाही बोलायला लागला, मला आईच्या नावाने हाक मारली. उरलेला घोट त्याच्या तोंडात घातला आणि मी नुसता ओरडत सुटलो.

नाल्याच्या खालच्या अंगाने शेळ्या आल्या. मागे एक म्हातारी बाई.

"एवढं बिऱ्हाड घेऊन कुठं निघालात रं?"

"पाणी, मावशी. माझा माणूस मरतोय."

"ह्या दिसांत शेळ्याबी खाली उतरतात, अन् तुम्ही वर चाललात." बोलता बोलता ती वळली होती. नाल्याच्या वाळूत काटेरी फांदी बाजूला केली. खाली झिरा होता (वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा). तिने आत साचलेलं पाणी वाटीने उपसून वाळूवर फेकलं. मी तिचा हात धरला.

"सोड. पयलं पानी पित नसतात. घान असती, जनावरानं तोंड घातल्यालं असतं."

ते पाणी वाळूत जिरताना मी बघत राहिलो. खाली नवं पाणी पाझरायला लागलं, इतकं हळू की मला रडू आलं. पहिली वाटी भीमरावच्या डोक्यावर ओतली, मग घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळाने त्याने मला माझ्या नावाने शिवी दिली.

म्हातारीने फांदी पुन्हा ठेवली, पाखरांपुरती फट सोडून. "दिस कलायच्या आत खाली उतरा. मागनं दुसरं गिऱ्हाईक येतं हितं."

त्याला आधार देत उतरताना मी एकदाही मागे पाहिलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला या डोंगरात यायचं असेल तर दिवाळी ते संक्रांत या. नाल्यांना पाणी असतं. काठी आपटत चाला आणि निघण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. भीती कुठल्याही मोसमात असते. मी माझ्या भीतीपुरता मोसम निवडला आणि तिची किंमत दुसरा देत होता.

पिशोरला पोचलो तेव्हा आई दारात भांडी घासत होती. "इतक्यात माघारी?"

मी सगळं सांगायला तोंड उघडलं. भीमराव ओट्यावर टेकत म्हणाला, "कोकण्याला घरची याद आली. रडाया लागला."

ती खळखळून हसली. मग हात धुऊन आत गेली, माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "त्यात लाजायचं काय? याद आली की हितं येत जा."

मी मान खाली घालून जेवलो.