पोचूबाईची भरमार

बंदूक टेबलावर होती आणि तिची नळी माझ्या पोटाकडे होती.

"घ्या भाऊ. रिकामीच हाये," ती ठेवणारी बाई म्हणाली.

मी आधी बाजूला सरकलो. मग बंदूक सावकाश फिरवून नळीचं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर बाईंना नाव विचारलं.

"पोचूबाई," त्या म्हणाल्या. साठीच्या असतील. नऊवारी लुगडं, पायात टायरच्या चपला. नळीच्या तोंडात त्यांनी लुगड्याची चिंधी कोंबली होती, धूळ जाऊ नये म्हणून.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पोलीस खात्यात आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे बंदुकांचा मिस्त्री. ठाण्याठाण्यांत फिरून रायफली तपासायच्या, दुरुस्त करायच्या. वर्षातून एकदा शेतकऱ्यांच्या लायसनच्या बंदुका तपासायच्या. त्या दिवशी मी आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका ठाण्यात होतो. व्हरांड्यात टेबल टाकलं होतं आणि समोर पंधरा-वीस लोक बंदुका घेऊन बसले होते.

या बंदुका बहुतेक भरमार. रानडुकरांपासून धान वाचवायला दिलेल्या. भरमार तोंडाकडून भरतात. आधी काळी दारू, मग चिंधी, मग छर्रे, वरून पुन्हा चिंधी, आणि लोखंडी गजाने ठासायचं. मागच्या बाजूला बारीक भोकाची बोंडी असते. तिच्यावर तांब्याची छोटी टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो.

पोचूबाईंच्या बंदुकीचा घोडा खाली होता. त्याच्याखाली हिरवी पडलेली टोपी होती. म्हणजे घोड्याला एक ठोसा बसला असता तरी काम झालं असतं.

"बाई, ही आणली कशी?"

"एसटीनं. मांडीवर धरून. गर्दी लई होती."

मी घोडा अंगठ्याने उचलला आणि टोपी खिळ्याने अलगद काढली. मग चिंधी काढून गज नळीत सोडला. बंदूक रिकामी असेल तर गज पार बोंडीपर्यंत जातो. तो थांबला तिथे नळीच्या तोंडाशी बोटाने खूण धरायची, गज बाहेर काढायचा आणि नळीच्या बाजूला लावून पाहायचा. जितका कमी पडेल तितका आत माल. भरलेली भरमार साधारण चार बोटं कमी दाखवते. इथे गज एक वीत कमी पडत होता.

"बाई, ही भरलेली आहे."

त्यांचा विश्वास बसेना. "नाई भाऊ. मालक गेले त्याले चार वरीस झाले. तवापासून वर माळ्यावर, पाटणीवरच पडून होती. नातवंडं खाली झोपतेत."

तेवढ्यात ठाण्याचे फौजदार जाधवसाहेब बाहेर आले. साताऱ्याकडचे, तिशीतले. माणूस चांगला, आणि लष्करी सामानाच्या बाबतीत पुरता वेडा. ठाण्याची जीप लष्कराच्या लिलावातली होती. ड्रायव्हर असताना हे स्वतः बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचे. खोलीत मासिकांतून कापलेली युद्धनौकांची चित्रं चिकटवलेली. मी आधी दहा वर्षं नौदलात तोफांच्या खात्यात होतो, म्हणून मी आलो की त्यांना आनंद व्हायचा. मला ते खलाशी म्हणायचे. कुठल्या जहाजाला किती इंची तोफा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

"काय अडलंय, खलाशी?"

मी सांगितलं. त्यांनी आधी कागद पाहिले. "लायसन मयताच्या नावावर. चार वर्षं बंदूक घरात, तीही भरलेली. बाई, ही केस होते."

पोचूबाई उभ्या राहिल्या. "साहेब, म्या दोनदा आलती जमा करायले. इथी म्हणले, तपासणीच्या दिवशी ये. मंग काऊन केस?"

साहेबांनी शेजारी कागद घेऊन बसलेल्या हवालदाराकडे पाहिलं. हवालदार कागद चाळू लागला.

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. "दोन वाजता डीवायएसपी येतायत. आधी मागच्या शेतात नेऊन बार काढून टाकू."

"साहेब, बार नको. मी पाणी घालून रिकामी करतो. तासभर लागेल."

"एका बारासाठी तासभर?"

"गज एक वीत कमी पडतोय. आत काय आहे ते माहीत नाही. नळीही गंजलेली आहे."

"अरे, या नळ्या रणगाड्यासारख्या जाड असतात," ते हसून म्हणाले. एका शेतकऱ्याच्या डबीतली नवी टोपी त्यांनी मागून घेतली, बंदूक उचलली आणि चालू लागले. मी मागे गेलो. मी अजून एकदा, आणि जोरात, बोलायला हवं होतं. साहेबांपुढे तेवढं धाडस झालं नाही. हे मी आजही मान्य करतो.

ठाण्यामागे धानाची रिकामी बांधी, म्हणजे भातखाचर होतं. पलीकडे मातीचा उंच बांध, तिकडच्या भाषेत धुरा. लोकांना मी व्हरांड्यातच थांबवलं. साहेबांनी टोपी बसवली, खांद्याला लावून धुऱ्यावर नेम धरला आणि चाप ओढला.

टोपी फुटल्याचा 'टक्' असा आवाज आला. बार झाला नाही.

"गेलीय दारू," असं म्हणत ते बंदूक खाली घेऊन माझ्याकडे वळायला लागले.

"साहेब, हलू नका. नळी धुऱ्याकडेच राहू द्या."

माझा आवाज बदललेला त्यांना कळला असावा. ते होते तसे थांबले.

टोपी फुटून बार झाला नाही की लोक समजतात, संपलं. पण ठिणगी आत गेलेली असते. ओल धरलेली दारू कधी कधी आतल्या आत धुमसते. एका मिनिटाने उडेल, पाच मिनिटांनी उडेल, किंवा उडणारच नाही. तेवढा वेळ नळी कुणाकडे वळवायची नाही आणि तोंडापुढे जायचं नाही.

"किती वेळ?" साहेबांनी मान न वळवता विचारलं.

"जहाजावर आम्ही अर्धा तास धरायचो."

"अर्धा तास हे असं धरून?"

भरमार जड असते. दोन-तीन मिनिटांत नळी खाली झुकू लागली. मी हवालदाराला मेसमधून दोरी आणि तांदळाचं पोतं आणायला लावलं, बांधीच्या कडेला ठेवून घेतलं आणि त्याला परत पाठवलं. मग पोतं स्वतः ओढत साहेबांच्या मागून पुढे नेलं. ते गुडघ्यावर बसत गेले, मी खालून पोतं सरकवत गेलो. बंदूक पोत्यावर टेकली. दोरीने दोन वेढे घातले.

"आता हात काढा आणि सरळ मागे चला."

आम्ही दोघं तीस-चाळीस पावलं मागे, मोहाच्या झाडाआड जाऊन बसलो. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "जहाजावर कधी झालंय असं?"

"एकदा. सरावाच्या वेळी तोफ उडाली नाही. सगळे जागच्या जागी उभे. आमचा चीफ घड्याळ हातात घेऊन बसला. अर्धा तास कोणी खोकलंसुद्धा नाही."

"मग उडाली?"

"नाही. गोळा काढला, समुद्रात टाकला आणि जेवायला गेलो."

"हे कुठल्या पुस्तकात नाही," ते म्हणाले.

"यात छापण्यासारखं काय आहे, साहेब?"

त्यानंतर जीप आली. डीवायएसपी आले आहेत, असं हवालदाराने लांबूनच ओरडून सांगितलं. साहेब उठले नाहीत. "त्यांना सांग, पंधरा मिनिटं बसा. मिसफायर झालंय. इकडे कोणी येऊ नका." मला ते आवडलं.

अर्धा तास झाल्यावर मी एकटा बाजूने पुढे गेलो. फुटलेली टोपी काढली. बोंडीतून आणि नळीच्या तोंडातून, हात लांब ठेवून, पाणी ओतलं. भिजू दिलं, पुन्हा ओतलं. काळी दारू भिजली की तिचा चिखल होतो. मग गजाला फिरकीचा स्क्रू लावला आणि माल ओढायला सुरुवात केली.

आधी चिंधी आली. मग छर्रे, पुन्हा चिंधी, मग काळा चिखल. इथे संपायला हवं होतं. पण त्याखाली आणखी चिंधी, आणखी छर्रे आणि तळाशी दगडासारखी घट्ट झालेली दारू निघाली. एकावर एक दोन बार भरलेले होते. ठिणगी तळच्या दगडावर पडून विझली होती.

नळी धुऊन आत टॉर्च मारला. मागच्या भागात गंजाने खड्डे पडले होते. दोन बार एकदम उडाले असते तर नळी तिथेच फाटली असती. मी साहेबांना बोट लावून जागा दाखवली. चाप ओढताना त्यांचा डावा हात नेमका तिथे होता. त्यांनी डावा पंजा पुन्हा त्या जागेवर ठेवून पाहिला.

पोचूबाईंना दोन बारांचा उलगडा लगेच झाला. "मालकानं डुकरासाठी भरली असन, मंग ताप भरला न् ते उठलेच नाई. दुसऱ्या साली दिरानं माकडं हाकलायले नेलती, त्यानंबी भरली असन. उडली नाई, मंग नवी टोपी लावून तशीच पाटणीवर ठेवून देल्ली असन. त्याले काय मालूम, आंधीच भरून हाये म्हणून?" एवढं बोलून त्यांनी नातवंडांची नावं बोटांवर मोजली. मी पाणी दिलं.

डीवायएसपींनी सगळं ऐकून घेतलं. केसचा विषय निघाला तेव्हा जाधवसाहेबच बोलले. "सर, बाई दोनदा जमा करायला आली होती. आमच्याकडून परत पाठवली गेली. चूक ठाण्याची आहे." हवालदाराची मान खाली होती. कागदावर 'स्वतःहून जमा केली' असं लिहिलं गेलं आणि बंदूक मालखान्यात गेली. पुढे हुकूम येऊन ती मोडीत निघाली.

निघताना पोचूबाईंनी मी कागदावर काढून ठेवलेल्या छर्ऱ्यांकडे बोट दाखवलं. "हे देऊन टाका न भाऊ. शिसं हाये. पोरगा वितळवून मासोळीच्या जाळ्याले लावते."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. बाईंनी छर्रे लुगड्याच्या पदरात बांधले आणि एसटी पकडायला गेल्या.

पुढच्या वर्षी मी त्याच ठाण्यात गेलो. टेबलाजवळ साहेब स्वतः उभे होते, हातात गज घेऊन. कुणी "रिकामी हाये साहेब" म्हटलं की ते एवढंच म्हणत, "दाखव." मी नोकरीत असेपर्यंत पुढच्या पोरांना इतकंच शिकवलं. बंदूक रिकामी असल्याचं कुणाच्या तोंडून ऐकायचं नसतं, ते गजाने मोजायचं असतं. आणि सांगणारा वरिष्ठ असेल तर दोनदा मोजायचं.