धुऱ्याचे दगड

मंडळी, आज सकाळी माझ्या तोंडून एक शब्द निघाला आणि दोघांची डोकी फुटली.

गावामागच्या टेकडीवर मी न् भानुदासकाका फिरायला गेलो होतो. टेकडी ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान. कमरेएवढं कुसळी गवत, त्यात जांभळी रानफुलं. गवताखाली उताराला आडवी दगडांची लांब ओळ दिसली. मी फोटोसाठी मोबाईल काढता काढता सहज म्हणालो, "काका, अठी तर जुना धुरा दिसून राह्यला."

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. धुरा म्हटलं की शेत आलं, आणि शेत आलं की मालक आला.

काका जागीच थांबले. "महाराष्ट्र झाला तवा माह्या बाबाची ज्वारी होती अठी. हे वावर आपलं हाय."

शेळ्या चारणाऱ्या पुंडलिकने ते ऐकलं. "धुरा कायचा? गायरान हाय हे. नांगर घातला तर पाय तोडून टाकीन."

काकांनी ओळीतला दगड उपसून त्याला हाणला. त्यानेही तिथलाच उचलला. मी मधे पडलो तर पुंडलिकच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडीचा दांडा माझ्या खांद्यावर बसला.

दोघं दमले तेव्हा ओळ उरलीच नव्हती. इतकी वर्षं टिकलेला धुरा त्यांनी एकमेकांच्या डोक्यात घालून संपवला.

आता दवाखान्यात काका टाके घालून घेता घेता विचारताहेत, "धुऱ्याचा फोटो काढला ना तू? तोच पुरावा हाय."

एकच काढला आहे. त्यात काका पहिला दगड उपसताहेत. दाखवू का त्यांना?