नळीसमोरचा नमस्कार

मंडळी, आत्ताच घरी परतलेय आणि लगेच लिहितेय.

आज आम्ही तिघं आखातातल्या आमच्या सलव्याहून वाळवंटातल्या रायफल शिबिराला गेलो होतो. कडाक्याची थंडी. तेरा वर्षांची आमची सई वाळूवर पालथी झोपून नेम धरत होती. रिफायनरीत फिटर असलेले आमचे हे पान्यालासुद्धा नमस्कार करूनच कामाला लागतात. "पहिलीच गोळी आहे," म्हणत ते रायफलीला नमस्कार करायला वाकले. थेट नळीसमोर!

प्रशिक्षकाने कॉलर धरून ह्यांना असं आपटलं, की नाक फुटलं. त्याच क्षणी बार उडाला.

मला फक्त रक्त दिसलं. धावत जाऊन मी प्रशिक्षकाच्या थोबाडीत मारली.

सई किंचाळली, "आई, स्टॉप! आय वॉज ऑलरेडी पुलिंग द ट्रिगर!"

रायफलीला नमस्कार आणि जीव वाचवणाऱ्याला थोबाडीत! शिबिर उद्याही आहे. कुठल्या तोंडाने जाऊ, सांगा.