हजेरीबाई

चौथीची हजेरी घ्यायला बाईंना पंचवीस मिनिटं लागायची. वर्गात पोरं एकतीस. पिरनवाडीच्या बाजूच्या त्या सरकारी मराठी शाळेत आम्ही डी.एड.चे सहा जण सराव पाठांसाठी गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यांना हजेरीबाई म्हणायला लागलो. बाई नंबर पुकारत नसत. नाव घेत, मान वर करून त्या पोराकडं बघत आणि काहीतरी विचारत. "आजीचा पाय कसा हाय?" "म्हैस व्याली काय रं?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं नाव नाही. मी मागच्या बाकावर घड्याळ बघत चरफडत असायचो, कारण ती पंचवीस मिनिटं माझ्या पाठातून कापली जायची.

एखादं पोर आलं नाही की आणखी उशीर. शेजारच्या पोरांना विचारा, घरी फोन लावा. एकदा मी म्हणालो, "बाई, गैरहजर लिहा आणि चला पुढं." त्यावर त्या म्हणाल्या, "पोरगं गैरहजर नसतंय रं. कुठंतरी हजर असतंयच. ते कुठं, एवढं मला ठावं पाहिजे." मला तेव्हा त्याचं काडीचं कौतुक वाटलं नाही. वय झालं की माणसं लांबण लावतात, एवढंच वाटलं.

दुपारी शाळेतला भात आला की पहिलं ताट बाईंचं. आम्हाला वाटायचं, काय हा मान! पुढं कळलं, भात कच्चा असला तर पोरांच्या आधी आपल्याला कळावं म्हणून त्या पुढं बसत. कच्चा निघाला की सगळ्यांचं जेवण थांबायचं आणि स्वयंपाकाच्या मावशींचं तोंड दोन दिवस फुगायचं. बाईंना त्याचं काही नसे.

शेऱ्यांच्या बाबतीत मात्र हात फार आखडता. माझ्या एका पाठावर मी तीन रंगांचे खडू वापरून नदीचा नकाशा काढला होता. वहीत शेरा आला, "फळा सुंदर. पोरं कुठं होती?" माझ्या मित्रांनी तो शेरा महिनाभर मला ऐकवला.

मग वार्षिक पाठ आला. बाहेरून परीक्षक येणार, श्रेणी देणार, आणि पुढं नोकरीच्या यादीत नाव वर की खाली ते त्यावर ठरणार. आमचं घर खानापूरच्या बाजूचं, शेतीवाडीचं. पोरगा मास्तर होणार म्हणून आप्पा गावभर सांगून बसलेले. मी विषय घेतला पाण्याची रूपं, आणि आम्ही सगळेच करतो तेच केलं. बाई कार्यालयात गेल्या की वर्गाकडून सगळा पाठ तोंडपाठ करून घेतला. तीन दिवस, तीन वेळा. पोरं अशी तयार झाली की मी बर्फाचा डबा उघडायच्या आत "बर्फ!" म्हणून ओरडायची.

एकटी रेणुका सोडून. ती हात वर करून उभी राहायची. "सर, ह्यो प्रश्न काल इचारलासा की." दुसऱ्या दिवशीही तेच. "सर, हे झालंय की." तिला लबाडी कळत होती असं नाही, तिला फक्त झालेलं पुन्हा का करायचं ते कळत नव्हतं. मी चिडलो नाही. गोड आवाजात म्हणालो, "रेणुका, उद्या तू येऊ नकोस. उद्या तुला सुट्टी."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. रेणुकाचं नाव आलं आणि पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग एकजण बोललाच, "सरांनीच येऊ नको म्हणून सांगितल्यात, बाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "जा. घेऊन ये तिला."

"बाई, अकराला परीक्षक येणार. आता साडेदहा झालेत."

"येऊ देत की. मी बसवते त्यांना. ती आल्याशिवाय पाठ व्हायचा न्हाय ह्या वर्गात."

आप्पांची मोटरसायकल घेऊन निघालो. रेणुका दारात पायरीवर बसली होती. गणवेश घालून, दोन वेण्यांना रिबिनी बांधून, दप्तर मांडीवर. तिची आई उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला. पण आज ती घरातच होती. मला बघून धडपडत बाहेर आली. "सर, नाव कमी केलासा काय हिचं? काय चुकलं असंल तर सांगा. शाळेत येऊन इचारावं म्हणून आज कामावर गेले न्हाय मी."

मी म्हणालो, "तसं नाही, थोडा गैरसमज झाला." खरं बोलायला जीभ रेटली नाही. माझी मला लाज वाटली, ती आजही वाटते.

परत आलो तर परीक्षक खुर्चीत, आणि कॅम्पातल्या बेकरीतून आणलेल्या बर्फाचं डब्यात निव्वळ पाणी. तसाच पाठ सुरू केला. मधेच रेणुकाचा हात वर. तिला बघून न बघितल्यासारखं करता आलं असतं. बाई मागं बसल्या होत्या. मी म्हणालो, "बोल."

"सर, काल एवढा मोठा खडा होता. परवाबी होता."

परीक्षकांनी पेन थांबवलं. "काल?"

"हो," मी म्हणालो. "हा पाठ मी तीनदा घेतलाय."

श्रेणी क मिळाली. आप्पा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. बाईंनी झाल्या प्रकाराबद्दल मला एक शब्द विचारला नाही.

पण त्या दिवसापासून शाळा सुटली की रेणुका माझ्यापुढं येऊन उभी राहायची. "सर, उद्या येऊ न्हवं?" मी म्हणायचो, "ये की गं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्यानं मी वैतागून बाईंना म्हणालो, "बाई, हिला तुम्ही समजावा."

"तू एकदा नको म्हणालास," बाई म्हणाल्या. "आता ये म्हण. रोज म्हण. कटाळू नकोस."

सरावाचे तीन आठवडे उरले होते. तेवढे दिवस मी म्हणालो. शेवटच्या दिवशीही म्हणालो, आणि निघून आलो. यादीत नाव खाली असल्यामुळं नोकरी उशिरा लागली, ती निपाणीकडं.

चार वर्षांनी निपाणीच्या स्टँडवर बाई भेटल्या. निवृत्त झालेल्या, कुणाच्या तरी लग्नाला आलेल्या. मी वाकून नमस्कार केला आणि आधी रेणुकाचं विचारलं.

"सातवी झाली की. हुशार निघाली."

"नंतरही विचारायची का हो ती?"

"रोज. तू गेल्यावर मला इचारायची. सातवीपतोर." बाई हसल्या. "दाखला न्यायला आलती, त्या दिवशीबी म्हणाली, बाई, उद्या येऊ न्हवं? म्हटलं, ये गं. आली की दुसऱ्या दिवशी! दिवसभर चौथीतल्या पोरांत बसून गेली."

माझं एक वाक्य बाई तीन वर्षं निस्तरत बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, मला एकदा कळवायचं तरी."

"तुला कळवून काय करू? तू इकडं लांब. ये म्हणायला दारात माणूस लागतंय."

त्यांची गाडी लागली. पिशवी माझ्या हातातून घेऊन त्या चढल्या.